शाळा गुरांमागे गेली तेव्हा

कसारा लोकलने आटगावला उतरून तुम्ही कधी तानसा तलावाकडे गेला असाल, तर ती लांबच लांब दगडी भिंत तुम्ही पाहिली असेल. जवळपास पावणेतीन किलोमीटरची. आपण माहुलीच्या सुळक्यांचे फोटो काढतो, वडापाव खातो आणि संध्याकाळच्या गाडीने परत येतो. ती भिंत १८९२ साली पूर्ण झाली आणि शहापूरच्या जंगलातलं पाणी मुंबईच्या नळांना गेलं. त्याच वर्षी १९ एप्रिलला मुंबईत केळकरांच्या घरी एक मुलगी जन्माला आली. पाणी जंगलातून मुंबईला गेलं. ही मुलगी पुढे वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मुंबईहून उलट्या दिशेने निघाली आणि ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर जाऊन तिने शाळा मांडली.

तिचं नाव ताराबाई मोडक. (शहापूरकरांनो, लगेच मोडकसागर आठवू नका. त्या तलावाला मुंबई पालिकेच्या इंजिनीअर मोडकांचं नाव आहे.) ताराबाईंचं नाव तुम्ही एखाद्या स्पर्धा परीक्षेच्या गाइडमध्ये एका ओळीत वाचलं असेल: पद्मभूषण १९६२, बालशिक्षण. त्या एका ओळीत एक अख्खं बंड दडलंय, आणि ते आज तानसाच्या आजूबाजूच्या पाड्यांना फार जवळचं आहे. म्हणून हा लेख.

वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. त्यामुळे मुलगी शिकायची की नाही, हा प्रश्न घरात नव्हताच. १९१४ साली तारा बी.ए. झाली. त्या काळात पदवीधर मुली किती असतील, बोटांवर मोजा. पुढे अमरावतीच्या मोडक वकिलांशी लग्न झालं, ते टिकलं नाही, आणि १९२१ साली दोघं वेगळी झाली. शंभर वर्षांपूर्वी, पदरात प्रभा नावाची लहान मुलगी असताना, एका मराठी मध्यमवर्गीय बाईने नवऱ्यापासून वेगळं होणं म्हणजे काय, याची कल्पना तुम्हीच करा. त्यांनी रडत बसण्याऐवजी नोकरी धरली. राजकोटला, मुलींच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात, प्राचार्य म्हणून. पगार चांगला, मान मोठा.

आणि मग ती नोकरीही सोडली.

कारण भावनगरमध्ये गिजुभाई बधेका नावाचा एक माणूस विचित्र काहीतरी करत होता. हा मूळचा वकील. वकिली सोडून त्याने १९२० साली बालमंदिर काढलं होतं. तिथे छडी नाही, पाठांतर नाही, परीक्षा नाही. मुलं हवं ते उचलतात, हाताळतात, मोडतात, परत जोडतात. १९२३ साली ताराबाई तिथे गेल्या आणि गिजुभाईंच्या जोडीने कामाला लागल्या. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. शिक्षण पत्रिका काढली, आधी गुजरातीत, नंतर मराठीत. मुंबईला परतल्यावर ताराबाईंनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केलं. इथपर्यंतची गोष्ट एका यशस्वी शहरी शिक्षणतज्ज्ञाची आहे. तेवढीच असती तर मी ती तुम्हाला सांगायला बसले नसते.

या सगळ्याच्या मुळाशी होती माँटेसरी पद्धत. तुमच्या कॉलनीत माँटेसरीची पाटी असलेली एक तरी शाळा असेल, आणि तिची फी ऐकून तुमच्या आईवडिलांनी कपाळाला हात लावला असेल. गंमत म्हणजे मारिया माँटेसरी या इटालियन डॉक्टरबाईंनी पहिलं बालगृह १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत काढलं होतं. मजुरांच्या पोरांसाठी. तीच पद्धत भारतात येईपर्यंत खर्चिक झाली. लाकडाची घोटीव दट्ट्यापेटी, गुलाबी मनोरा, रंगांच्या पट्ट्या, सगळं ठरलेल्या मापाचं, महागडं. दादरच्या मुलांना ते परवडत होतं. पण देशातली बहुतेक मुलं दादरला राहत नव्हती.

हा प्रश्न गांधीजींच्या वर्तुळातही होता. त्यांनी १९३७ साली वर्ध्याला नई तालीम मांडली होती: मुलाने हातांनी काम करत, सूत कातत, माती खणत शिकायचं. सुरुवातीला ही योजना सात वर्षांपुढच्या मुलांची होती. १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामला झालेल्या परिषदेत ती अगदी लहान मुलांपर्यंत खाली आणि प्रौढांपर्यंत वर वाढवली गेली. खेड्यातल्या चार वर्षांच्या पोराला काय द्यायचं, कुठे, कशाने? हा प्रश्न सोडवायला ताराबाईंनी त्याच वर्षी ठाणे जिल्ह्यातलं बोर्डी गाठलं.

आता भूगोल जरा नीट लक्षात घ्या. आज बोर्डी-डहाणू पालघर जिल्ह्यात आहे, पण तो जिल्हा २०१४ साली वेगळा झाला. तेव्हा शहापूर-मुरबाडपासून डहाणू-तलासरीपर्यंत सगळा एकच ठाणे जिल्हा. शहापूरकडे ठाकर, कातकरी, महादेव कोळी जास्त, डहाणूकडे वारली जास्त. पण दोन्हीकडचं जगणं एकाच साच्यातलं: जंगल सरकारी झालेलं, जमीन सावकाराकडे गेलेली, पोटाला भात-नाचणी तीही जेमतेम.

बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. गावातली मुलं आली. पाड्यावरची, म्हणजे ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला होता ती, आलीच नाहीत. इथे बहुतेक माणसं काय म्हणतात, ते तुम्हाला माहीत आहे: यांना शिक्षणाचं महत्त्वच कळत नाही. ताराबाईंनी तसं न म्हणता शाळाच उचलली. पोरं शाळेत येत नाहीत ना, मग शाळा त्यांच्या अंगणात जाईल. बाया रोज पाड्यावर जायच्या. परकी माणसं दिसली की पोरं आधी झोपडीत पळायची. मग हळूहळू हातपाय धुणं, अंघोळ, केस विंचरणं, नखं कापणं, मग गाणं, मग खेळ. झाडाखालचं सारवलेलं अंगण हाच वर्ग. या प्रकाराला नाव पडलं अंगणवाडी.

हो, तीच. तुमच्या गल्लीच्या टोकाला जिची पत्र्याची पाटी आहे, ती.

या कामात त्यांना मिळालेली साथीदार म्हणजे अनुताई वाघ. वय पस्तीस, बालविधवा, पुण्याच्या हुजूरपागेत शिकवलेली. १९४५ साली बोरिवलीच्या शिबिरात दोघींची गाठ पडली आणि अनुताई बोर्डीला आल्या, त्या पुन्हा पुण्याला परत गेल्याच नाहीत. १९९२ साली त्या गेल्या तेही त्याच भागात, कोसबाडला. म्हणजे सत्तेचाळीस वर्षं. आपल्यातले काहीजण इंटर्नशिपचे तीन महिने संपायची वाट बघतात, म्हणून हा आकडा मुद्दाम लिहिला.

महागड्या दट्ट्यापेटीचं काय झालं? ती दादरलाच राहिली. इथे साधनं झाली शंख-शिंपले, चिंचोके, खडे, पानं, काड्या, फुलं, माती. लहान-मोठं शिकायचंय? पानं लावा क्रमाने. मोजायचंय? बिया आहेत. स्पर्शज्ञान? खरबरीत साल, गुळगुळीत खडा. तुम्हाला हे साधं वाटेल, आज कुठल्याही बालवाडीत चालतं असं वाटेल. पण त्या काळी माँटेसरीच्या निष्ठावंतांना हे चालणारं नव्हतं. साधनाचं माप बदललं की पद्धत बिघडली, असं मानणारे लोक होते. ताराबाईंनी पद्धतीतला विचार धरला आणि सामान सोडलं. मला त्यांच्या कामातली सगळ्यात धीट गोष्ट हीच वाटते. आणखी एक गोष्ट त्यातून आपसूक झाली. शाळेचं साधन म्हणून बी आणि पान वापरलं, तेव्हा पाड्यावरचं पोर पहिल्यांदाच शाळेत जाणकार ठरलं. कुठलं पान कशाचं, कुठली बी कधी पडते, हे त्याला बाईंपेक्षा जास्त ठाऊक होतं.

तरीही एक अडचण उरलीच. अंगणात चार-पाच वर्षांची पोरं सापडतात. त्यांच्याहून मोठी कुठे असतात? आठ वर्षांचा मुलगा सकाळी गुरं घेऊन रानात जातो तो सांजेला परत येतो. आठ वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन दिवसभर हिंडते, कारण आईबाप मजुरीला. यांना शाळेत बसवायचं तर गुरं कोण राखणार, बाळ कोण सांभाळणार? उपदेशाने ना गुरं राखली जातात, ना बाळ झोपतं.

बारा वर्षं बोर्डीत काढल्यावर, १९५७ च्या सुमारास, काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हललं. ताराबाई तेव्हा पासष्टीच्या. वय झालं म्हणून माणसं खुर्ची पकडतात त्या वयात. तिथे विकासवाडी उभी राहिली. तिची रचना बघा: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. ताई बाळाला कडेवर घेऊन येते, पाळणाघरात ठेवते, मधल्याला बालवाडीत सोडते आणि स्वतः वर्गात जाऊन बसते. एका मुलीला शाळेत आणायचं तर तिच्या कडेवरच्या पोराचीही सोय करावी लागते, ही गोष्ट कागदावर किती सोपी दिसते. आजही कित्येक शाळांच्या हजेरीपटात मुली याच कारणाने गैरहजर असतात.

आणि गुराख्यांसाठी निघाली कुरणशाळा. मुलं गुरं घेऊन रानात निघाली की शिक्षकही पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर निघणार. गुरं चरायला लागली की झाडाखाली शाळा. एखादं वासरू कुणाच्या शेतात शिरलं की एक विद्यार्थी उठून पळणार, त्याला हाकलून परत येऊन बसणार. धडा थांबत नाही, गुरंही हरवत नाहीत. दिवसभराच्या भटकण्यातच विज्ञान, भूगोल, हिशेब. आपण ज्याला नेचर ट्रेल म्हणतो, त्यासाठी शनिवार-रविवारचं पॅकेज घेऊन तानसा अभयारण्याच्या आसपास कॅम्पला येतो, रात्री तंबूत झोपून स्टोरी टाकतो, ते या मुलांचं रोजचं आयुष्य होतं. फरक एवढाच की त्या आयुष्याला शाळा म्हणायची हिंमत कुणी केली नव्हती.

इथे थोडं थांबून विचार करा. परिसर अभ्यास नावाचं पुस्तक आपण सगळ्यांनी पाठ केलंय. जलचक्र: बाष्पीभवन, ढग, पाऊस, परत समुद्र. शहापूर तालुक्यातली मुलंही तेच पाठ करतात. त्याच तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे, मुंबईची तहान भागवणारी धरणं या डोंगराच्या कुशीत आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागते. त्या मुलासाठी जलचक्र म्हणजे हंडा, विहिरीचा तळ, टँकरमागची रांग आणि शेतातून गेलेली पाइपलाइन. हे त्याच्या पुस्तकात नाही. कुरणशाळेचा शिक्षक असता तर त्याने कुठून सुरुवात केली असती? मला वाटतं, पाइपलाइनवर बसूनच.

पर्यावरण जपायचं शिक्षण म्हटलं की आपल्याकडे पोस्टर स्पर्धा होते. झाडे लावा, कापडी पिशवी वापरा. ठाकर-कातकरी घरातल्या पोराला पहिल्या पावसात शेवळं कुठे उगवतात ते माहीत असतं, ती खाजरी असतात म्हणून काकडासोबत शिजवायची हे माहीत असतं, कंद सगळाच्या सगळा उपटायचा नाही हेही माहीत असतं. शाळेत गेल्यावर या माहितीला एक मार्क नसतो. उलट पाच-सात वर्षांत ते शिकतं की आपल्या घरचं जे काही आहे ते मागासलेलं आहे. ताराबाईंच्या प्रयोगाचं मोल माझ्या मते इथे आहे. त्यांनी शाळेसाठी मुलाला जगण्यातून तोडलं नाही.

पण त्यांना देव्हाऱ्यात बसवायचीही गरज नाही. अंघोळ घालणाऱ्या, केस विंचरणाऱ्या शहरी बाया पाड्यावर आल्या, त्यात सुधारणेचा एक वरून खाली वाहणारा सूर होताच. वारल्यांची बोली, त्यांची चित्रं, त्यांचे देव यांच्याकडून आपण काय शिकायचं, हा प्रश्न त्या पिढीतल्या फारच थोड्यांना पडला. दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. ताराबाई बोर्डीला आल्या ते १९४५ साल याच पट्ट्यात वारल्यांच्या उठावाचं साल होतं. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. टिटवाळा म्हणजे आपल्या मुरबाड-शहापूरच्या अगदी दारात. तिथून गोदावरी आणि शामराव परुळेकर डहाणू-उंबरगावकडे गेले आणि वेठबिगारीविरुद्ध पाडेच्या पाडे उभे राहिले. ऑक्टोबरात तलवाड्याला जमावावर गोळीबार झाला, जेठ्या गांगडसह पाच आदिवासी मेले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणसं जमीनदाराची गडी होऊन जन्म काढत होती, त्या काळातली ही गोष्ट.

म्हणजे एकाच वर्षी, एकाच पट्ट्यात दोन मराठी बाया. एक मजुरी आणि माणूसपणासाठी मोर्चा काढतेय, दुसरी अंगणात पोरांना खड्यांनी मोजायला शिकवतेय. यातलं कुठलं काम खरं? मास कॉमच्या वर्गात यावर आमची दोन तास भांडणं झाली. माझं मत सांगते. बाप वेठीला जुंपलेला असताना पोराच्या हातात शिंपला देऊन ते मोकळं होत नाही. गोदावरीबाईंच्या लढ्याने वेठ मोडली नसती तर अंगणातली शाळा सावकाराच्या मेहेरबानीवर चालली असती. पण वेठ मोडल्यावर त्या पोराने जायचं कुठे, याचं उत्तर मोर्चापाशी नव्हतं. ते कोसबाडच्या टेकडीवर, गुरांमागे चालत, हळूहळू तयार होत होतं. हळूहळू हा शब्द आपल्या पिढीला आवडत नाही, माहीत आहे.

१९६२ साली पद्मभूषण मिळाला. ताराबाईंनी काम थांबवलं नाही. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. बोर्डीच्या पाड्यावरचा मराठी शब्द दिल्लीच्या फायलीत गेला आणि देशभर पसरला. शब्दासोबत आहार गेला, लसीकरण गेलं, वजनकाटा गेला, आणि ते गरजेचंच होतं. अंगण मात्र बऱ्याच ठिकाणी मागे राहिलं: केंद्राला चार भिंती आल्या, भिंतींवर छापील एबीसीडी आली, ताईच्या हातात रजिस्टरांचा गठ्ठा आला. ती ताई आजही पगारावर नाही, मानधनावर आहे, आणि त्यासाठी तिला दर काही महिन्यांनी आझाद मैदानावर बसावं लागतं.

कुरणशाळेच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. खरं तर तिची गरज संपलेली नाही, फक्त कुरण बदललंय. दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून कातकरी आणि ठाकर कुटुंबं भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. पोरंही जातात. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते, मुलगा विटा उलट्या-पालट्या करायला हात लावतो. परत येतात ती पावसाच्या तोंडावर. तोवर शाळेचं वर्ष संपलेलं असतं. नव्वदच्या दशकात वसईकडे विधायक संसदेने भट्टीवरच्या झोपडीत, म्हणजे भोंग्यात, भोंगाशाळा चालवून दाखवल्या. अंगणात शाळा, कुरणात शाळा, मग भट्टीवर शाळा, अशी ती सरळ एक वाट आहे. आता स्थलांतर करणाऱ्या मुलाला सरकार शिक्षण हमी कार्ड देतं. ते दाखवलं की जिथे जाईल तिथल्या शाळेत प्रवेश मिळतो. ती शाळा भट्टीपासून किती लांब आहे आणि तेवढा वेळ धाकट्याला कोण घेणार, हे कार्डावर लिहिलेलं नसतं.